उष्णतेवरची जकात

जुलै २०१५ मध्ये परळी वैजनाथचं औष्णिक वीजकेंद्र थांबलं. २१० मेगावॅटचे तीन संच आणि २५० मेगावॅटचे दोन, मिळून ११३० मेगावॅटची क्षमता नुसती उभी राहिली. टर्बाइन बिघडलं नव्हतं, कामगार संपावर गेले नव्हते. पाणी नव्हतं. गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला आणि केंद्र बंद करावं लागलं. त्याआधी फेब्रुवारी २०१३ मध्येही हेच घडलं होतं.

कोळसा जाळून वीज करणाऱ्या केंद्राला एवढं पाणी लागतं कशाला? ‘वाफ करायला’ हे उत्तर पटकन सुचतं, पण ते जवळजवळ चुकीचं आहे. बॉयलरमध्ये वाफ होणारं पाणी बंद वर्तुळात फिरतं. त्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, पुन्हा पाणी होऊन बॉयलरमध्ये परत येते. गळतीपुरती थोडी भर घातली की भागतं. खरं पाणी लागतं ते ही वाफ गार करायला. म्हणजे आधी गाडीच्या गाडी कोळसा जाळून उष्णता निर्माण करायची आणि मग तिच्यातला मोठा हिस्सा नदीचं पाणी खर्चून घालवून द्यायचा. कोणत्याही हिशेबी माणसाला हा वेडेपणा वाटेल. ही उष्णता वाचवता येणार नाही का? अभियंते इतके हुशार झाले, त्यांना एवढं जमत नाही?

जमत नाही, आणि कधीच जमणार नाही. का जमणार नाही, हे सांगणाऱ्या शास्त्राचं नाव ऊष्मागतिकी.

परळीहून लातूर फार लांब नाही. ‘लातूर पॅटर्न’ने गाजलेल्या या शहरातल्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडमधल्या क्लासेसच्या गल्ल्यांत कुठल्याही अकरावी-बारावीच्या पोराला विचारा: स्रोताचं तापमान ५०० केल्व्हिन, सिंकचं ३००, तर इंजिनाची कमाल कार्यक्षमता किती? पेन न उचलता उत्तर येईल, ४० टक्के. नीट आणि जेईईच्या तयारीत हे गणित इतक्या वेळा घोटलेलं असतं की विचार करायची गरजच उरत नाही. पण ‘सिंक’ म्हणजे नक्की काय, असं विचारलं की पोरगं जरा थबकतं. पुस्तकात तो आकृतीतला खालचा चौकोन असतो, त्यावर T₂ लिहिलेलं असतं. परळीत तो चौकोन म्हणजे गोदावरीचं पाणी. २०१५ मध्ये T₂ आटला.

या शास्त्राचे नियम मोजायला सुरुवात होते शून्यापासून, आणि त्यामागे एक भारतीय पुस्तक आहे. पहिला आणि दुसरा नियम एकोणिसाव्या शतकातच पक्के झाले होते. त्या दोघांच्याही पोटात एक गृहीतक आहे, ते वेगळं सांगायला हवं, हे नंतर लक्षात आलं. दोन वस्तू तिसऱ्या वस्तूशी औष्णिक समतोलात असतील, तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात. मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरच्या ग्रंथाविषयी बोलताना ब्रिटिश शास्त्रज्ञ राल्फ फाउलर यांनी या विधानाला ‘शून्यावा नियम’ म्हणायला सुचवलं, असं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी नोंदवून ठेवलं आहे. विधान ऐकायला बाळबोध वाटतं. पण तापमापी ज्या विश्वासावर वापरतो, तो विश्वास हाच आहे. काखेत धरलेली तापमापी आणि काख यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण थांबते, तेव्हा तापमापीवरचा आकडा काखेचा ठरतो. त्यातला ‘थांबते’ हा भाग लक्षात ठेवा. समतोल झाला की काही घडत नाही, आणि जिथे काही घडत नाही तिथून काम काढता येत नाही.

पहिला नियम तुलनेने सरळ आहे. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. उष्णता हीही ऊर्जाच. एखाद्या वस्तूला दिलेली उष्णता दोनच ठिकाणी जाऊ शकते: वस्तूची अंतर्गत ऊर्जा वाढवण्यात किंवा वस्तूकडून काम करून घेण्यात. सायकलच्या पंपात हवा दाबली की नळकांडं तापतं, कारण हाताने केलेलं काम हवेच्या अंतर्गत ऊर्जेत जमा होतं. टर्बाइनमध्ये नेमकं उलटं घडतं. २१० मेगावॅटच्या संचात साधारण ५३५ अंश सेल्सिअसची वाफ आत शिरते, प्रसरण पावत पाती ढकलते आणि पंचेचाळीसेक अंशांवर बाहेर पडते. वाटेत तिला कुणी गार केलेलं नसतं. काम करून करूनच ती गार झालेली असते.

हा नियम कळायला माणसाला फार वेळ लागला, कारण उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे अशी जुनी समजूत होती. ती मोडणाऱ्यांत इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बिअर गाळणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल होता. त्याने वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा म्हणजे तेच पाणी ४२७ मीटर उंचीवरून पडताना मिळणारी ऊर्जा. १८४७ च्या उन्हाळ्यात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, त्याला आल्प्समध्ये भेटला तेव्हा जूल नव्या बायकोबरोबर होता आणि धबधब्याचं वरचं व खालचं तापमान मोजायच्या खटपटीत होता, अशी आठवण केल्व्हिनने सांगितली आहे. धबधब्याचे तुषार इतके उडत होते की मोजमाप काही साधलं नाही. नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवर पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला जाऊन कुणाला हा प्रयोग करायचा असेल, तर आधीच सांगतो: दर दहा मीटर उडीमागे पाणी फक्त ०.०२३ अंशाने तापतं. घरची तापमापी घरीच ठेवा.

पहिल्या नियमाने परळीचा ताळेबंद मांडू. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल. ती मिळवायला अशा केंद्रात कोळशातून सुमारे १० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातले सव्वा-दीड मेगाज्यूल चिमणीवाटे आणि इतर गळतीत जातात. उरलेले सुमारे पाच मेगाज्यूल, म्हणजे विजेपेक्षाही जास्त, वाफ गार करताना थंड पाण्यात उतरतात. जमा आणि खर्च जुळतात. पहिल्या नियमाची काही तक्रार नाही. ते पाच मेगाज्यूल पुन्हा उचलून टर्बाइनमध्ये घातले असते, तरी त्याने हरकत घेतली नसती.

हरकत घेतो तो दुसरा नियम. मराठवाड्यात तो पुस्तकातून बाहेर पडून नळाला येऊन भिडतो.

पॅरिसमधल्या सादी कार्नो नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या लष्करी अभियंत्याने १८२४ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. प्रश्न व्यावहारिक होता: वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं? उष्णता हा द्रव आहे हीच समजूत कार्नोचीही होती, तरी त्याचं उत्तर बरोबर आलं. उष्णतेतून काम मिळतं ते ती गरम जागेकडून थंड जागेकडे उतरत असते म्हणूनच. दोन तापमानं ठरली की कमाल मर्यादाही ठरते, मग इंजिनात वाफ वापरा, हवा वापरा किंवा दारू वापरा. पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८३२ मध्ये कार्नो कॉलऱ्याने गेला, वय ३६. साथीच्या भीतीने त्याचे बरेचसे कागद त्याच्याबरोबर गेले. पुढे क्लापेरों, केल्व्हिन आणि क्लाउझिउस यांनी तो विचार उचलला नसता, तर ऊष्मागतिकीच्या इतिहासात त्याचं नावही उरलं नसतं.

रुडॉल्फ क्लाउझिउसने या विचाराला १८६५ मध्ये एक मोजता येणारी राशी दिली: एंट्रॉपी. तिच्याबद्दल ‘अव्यवस्थेचं माप’ वगैरे बरंच काही लिहिलं जातं. माझ्या मते त्याने वाचकाचा गोंधळच वाढतो. क्लाउझिउसची मूळ व्याख्या जास्त सोपी आहे. एखाद्या वस्तूला जेवढी उष्णता मिळाली, तिला त्या वेळच्या निरपेक्ष तापमानाने भागा. येणारा आकडा म्हणजे तिच्या एंट्रॉपीतली वाढ. उष्णता गेली तर तेवढी घट. आणि दुसरा नियम असा: सगळ्यांची मिळून एंट्रॉपी कधीही कमी होत नाही.

आता हे परळीला लावू. वाफेचं तापमान ५३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ८०८ केल्व्हिन. गरम बाजूने ८०८ ज्यूल उष्णता घेतली, तर त्या बाजूची एंट्रॉपी ८०८ भागिले ८०८, म्हणजे एकने घटली. ही घट कुठेतरी भरून काढायला हवी. काम, म्हणजे फिरता दांडा किंवा वीज, स्वतःबरोबर एंट्रॉपी नेत नाही. म्हणून थंड बाजूला निदान एकने वाढ व्हायलाच हवी. थंड बाजू ४५ अंशांवर, म्हणजे ३१८ केल्व्हिनवर आहे. तिथे एंट्रॉपी एकने वाढवायला ३१८ ज्यूल उष्णता द्यावी लागते. कामाला उरतात ८०८ वजा ३१८, म्हणजे ४९० ज्यूल. सुमारे ६१ टक्के. घर्षण नाही, गळती नाही, सगळी यंत्रं देवाने घडवली, तरी हीच मर्यादा. ट्यूशन एरियातल्या त्या सूत्राचं पोट हे आहे.

शहराच्या वेशीवर पूर्वी जकात नाका असायचा. माल आत न्यायचा तर नाक्यावर भरणा केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. उष्णतेचं काम करायचं तर ते ३१८ ज्यूल म्हणजे ही जकात. मालक कितीही वजनदार असला तरी ती सुटत नाही. प्रत्यक्षातली जकात आणखी जास्त. सगळी उष्णता काही ५३५ अंशांवर आत येत नाही. बॉयलरमध्ये शिरणारं पाणी आधी तापवावं लागतं, त्यामुळे उष्णता घेण्याचं सरासरी तापमान बरंच खाली येतं. चिमणीवाटे आणि इतर गळतीत जाणारी उष्णता वेगळीच. म्हणून ६१ चे पस्तीसच्या आसपास उरतात.

मेच्या दुपारी लातूरवर ४२ अंशांची हवा तापत पडलेली असते. तिच्यात उष्णता प्रचंड आहे. पण त्या उष्णतेवर एक पंखाही फिरवता येत नाही, कारण जमीन, भिंती, हवा सगळंच तापलेलं. उतरायला खालची जागा नाही. केल्व्हिनने दुसरा नियम असाच मांडला होता: एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन तिचं सगळं काम करणारं चक्र अशक्य आहे. ऊन फुकट आहे. गारवा फुकट नाही.

जकात कशात भरायची? नियमाला फक्त थंड बाजू हवी. ती समुद्र असेल, बर्फाळ नदी असेल, वारा असेल. परळीत ती भरली जाते बाष्पीभवनात. कंडेन्सरमधून तापून आलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून पडतं, खालून हवा चढते. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. टॉवरच्या तोंडावर दिसणारा पांढरा ढग धूर नव्हे, तेच हे पाणी. एक लिटर पाणी उडताना सुमारे २.४ मेगाज्यूल नेतं. प्रत्येक युनिटमागे घालवायचे आहेत पाच. म्हणजे युनिटमागे जवळपास दोन लिटर पाणी आकाशात जातं. टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावं लागतं, राख वाहून न्यायला वेगळं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे.

हा आकडा किती मोठा, ते लातूरकरांना वेगळं सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, सुमारे ३४० किलोमीटरचं अंतर कापून. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरच्या वाहिन्यांनी तो क्षण दाखवला. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, तर अडीच लाख युनिट वीज होते. युनिटमागे दोन लिटर धरले, तर ‘जलदूत’ नावाच्या त्या पहिल्या रेल्वेने आणलेलं सगळं पाणी एक संच एका तासात उडवतो. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली. परळीचे पाचही संच पूर्ण भाराने चालले असते, तर दिवसाला तशा वीस-बावीस गाड्यांचं पाणी नुसतं उडालं असतं. त्या वर्षी परळी बंद होतं, कारण तहानलेल्या भागात एवढी जकात भरायला कुणाकडेच काही नव्हतं. पुढे २०१६ चा पाऊस बरा झाला, लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

यातून सुटायच्या वाटा आहेत, पण फुकट एकही नाही. पाण्याऐवजी नुसत्या हवेने वाफ गार करता येते. पण मराठवाड्यातली मेची हवा ४२ अंशांची. थंड बाजूच गरम झाली की कार्यक्षमता घसरते, आणि ती घसरते नेमकी पंखे-कूलरची मागणी शिखरावर असताना. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राने वेगळी वाट धरली. शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते शीतकरणाला वापरायचं. जकात तेवढीच, फक्त ती पिण्याच्या पाण्यात भरावी लागत नाही. सौर पॅनेल हे उष्णतेचं इंजिनच नव्हे, त्यामुळे त्याला कूलिंग टॉवर लागत नाही. या एका कारणासाठी तरी मराठवाड्याने कोळशापेक्षा सौरऊर्जेकडे जास्त आशेने पाहावं, असं मला वाटतं.

थंड बाजू आणखी थंड केली तर? सूत्रात T₂ शून्य घातला की कार्यक्षमता शंभर टक्के येते. ही पळवाट तिसरा नियम बंद करतो. वाल्थर नर्न्स्टने १९०६ पासून मांडलेल्या या नियमाचं एक रूप असं: मर्यादित पायऱ्यांत निरपेक्ष शून्य, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, गाठता येत नाही. वीजकेंद्राला याचा उपयोग शून्य. पण नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, याच्याशी झुंजणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी पकडणारी ही यंत्रणा टांगलेल्या आरशांचं अणूच्या गाभ्यापेक्षाही सूक्ष्म हलणं मोजते आणि आरशांच्या लेपातल्या रेणूंची उष्ण थरथर त्यात अडथळा आणते. अमेरिकेतल्या लायगोच्या आरशांची दोलनगती लेझर आणि विद्युत नियंत्रणाने आवरून तिचं परिणामी तापमान ७७ नॅनोकेल्व्हिनपर्यंत खाली आणल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. एका केल्व्हिनचा जेमतेम एक कोटी तीस लाखावा भाग. तरी शून्य नाहीच.

आता घरात येऊ. क्लाउझिउसने दुसरा नियम आणखी एका रूपात मांडला होता: उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही. न्यायची असेल तर काम खर्चावं लागतं. एसी हेच करतो. एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता खोलीतून उपसतो आणि चार युनिट बाहेर गल्लीत सोडतो. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करू पाहणाऱ्याची खोली तापते, ती याच हिशेबाने.

कूलर मात्र चतुर आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही. कूलरच्या गवतावरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो. पाणी उडायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, हवा गार होते. ऊर्जा गेली कुठेच नाही, ती बाष्पात जमा झाली. हे ज्याच्या जोरावर चालतं तो म्हणजे हवेचा कोरडेपणा. नांदेडला मेमध्ये ४२ अंश तापमान आणि अठरा टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी सुमारे २३ अंशांपर्यंत उतरते. कूलरची हवा त्याच्या जवळपास पोचू शकते. जुलैत ३२ अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता झाली की तीच ओली तापमापी २८ च्या खाली जात नाही. हवा पाण्याशी समतोलाच्या जवळ पोचलेली असते. कूलर तोच, पाणी तेच, आणि घरात नुसती चिकचिक. शून्याव्या नियमातला तो ‘थांबणं’ हा प्रकार इथे अंगाला जाणवतो.

एसी चांगला की कूलर? विजेचा हिशेब मांडला तर कूलर सहज जिंकतो. पाण्याचा हिशेब मांडला तर चित्र बदलतं. एसीने एका युनिटवर उपसलेली तीन युनिट उष्णता कूलरने काढायची, तर साडेचार लिटर पाणी उडवावं लागेल, आणि ते पाणी आपल्या टाकीतलं. एसीच्या त्या एका युनिटसाठी दोन-साडेतीन लिटर पाणी खर्च होतं, पण ते परळीसारख्या कुठल्यातरी केंद्रात, आपल्या नजरेआड. टँकरची वाट पाहणारं घर कूलर बंद ठेवतं. एसीवाल्याला आपण पाणी वापरतोय याचा पत्ताच नसतो.

शरीरही याच नियमाने बांधलेलं. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडत असतो. बाहेरची हवा ३७ पेक्षा गरम झाली की ती उष्णता घालवायची एकच वाट उरते, घाम. नुसत्या या १०० वॅटसाठी तासाला सुमारे १५० मिलिलिटर घाम उडायला हवा. रानात खुरपणाऱ्या बाईला याच्या कितीतरी पट. पहिल्या नियमाचा एक शोधक याच वाटेने आला. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये डच जहाजावरून जावाला पोचला. खलाशांची शीर उघडली, तर रक्त अपेक्षेपेक्षा लालभडक. उष्ण हवेत शरीराला स्वतःला गरम ठेवायला कमी इंधन जाळावं लागतं, म्हणून प्राणवायू कमी खर्च होतो, असं त्याने ताडलं. त्यातूनच उष्णता आणि काम एकमेकांत बदलतात हा विचार १८४२ मध्ये छापून आला.

दुसऱ्या नियमाची जकात टळत नाही, पण भरलेला पैसा पुन्हा कामाला लावता येतो. ते बघायचं तर उसाकडे चला. गुऱ्हाळात चुलवणावर काहिल चढते. उन्हात वाळवलेली चिपाडं जाळायची आणि उघड्यावर रस आटवायचा. पाक ११५-१२० अंशांकडे गेला की गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. वळली की काहिल उतरवायची. रसातलं बहुतेक पाणी वाफ होऊन गेलेलं असतं आणि त्याच्याबरोबर चिपाडांची बहुतेक उष्णताही. एकदा वापरली, सोडून दिली.

विलासराव देशमुखांनी उभारलेल्या मांजरासारख्या लातूर भागातल्या साखर कारखान्यांत हेच काम वेगळ्या रीतीने होतं. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली, गळीत हंगाम सुरू झाला, की बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर, तयार झालेली उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते. टर्बाइनमधून बाहेर पडते ती सव्वाशे-तीस अंशांची वाफ. परळीत याहून थंड वाफेसाठी गोदावरी लागते. इथे तिला गिऱ्हाईक तयारच असतं: रस. जी उष्णता तिथे टाकावी लागते, ती इथे साखर पिकवते. सहवीजनिर्मितीचं मर्म एवढंच आहे. वीज थोडी कमी मिळते, कारण वाफ पंचेचाळीस अंशांपर्यंत उतरू दिलेली नाही. पण टाकून काहीच दिलेलं नाही.

त्याच्याही पुढची करामत रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये आहे. गुलामगिरीच्या काळातल्या लुइझियानात वाढलेला नोर्बेर रिल्यू हा कृष्णवर्णीय अभियंता. त्याने १८४३ मध्ये पेटंट घेतलं ती कल्पना आजही जगभरचे साखर कारखाने वापरतात. पाणी किती अंशांना उकळतं ते दाबावर ठरतं. पहिल्या भांड्यात रस उकळून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, तिथे दाब कमी ठेवलेला असतो म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. शेवटच्या भांड्यात चांगलीच पोकळी ठेवलेली असते, तिथला रस पंचावन्न अंशांच्या आसपास उकळतो. एक किलो ताज्या वाफेवर चार किलोंच्या जवळपास पाणी उडवता येतं. पहिला नियम मोडला नाही, दुसराही नाही. फक्त उष्णतेला एका उडीऐवजी पायरीपायरीने उतरवलं, आणि प्रत्येक पायरीवर तिच्याकडून काम घेतलं. रसातल्या साखरेचं प्रमाण पंधरा टक्क्यांवरून साठावर न्यायचं, तर शंभर किलो रसातून पंच्याहत्तर किलो पाणी उडवावं लागतं. हे काम काहिलीत करायचं ठरवलं, तर कितीतरी जास्त बगॅस जाळावा लागेल.

शेवटच्या भांड्यातल्या पंचावन्न अंशांच्या वाफेला मात्र गिऱ्हाईक नसतं. तिच्यासाठी कारखान्यालाही कंडेन्सर लागतो आणि फवाऱ्यांचा तलाव लागतो. फरक एवढाच, की कारखाना आपलं पाणी सोबत घेऊन येतो. उसाच्या वजनात सत्तर टक्के पाणी असतं. रोज साडेतीन हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून दिवसाला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी उसाच्या पोटात बसून आत येतं. चांगला चालवला, तर कारखाना बाहेरच्या पाण्याशिवाय जवळजवळ भागवू शकतो. बाहेरचं पाणी त्याआधीच, दहा-बारा महिने, मांजरा आणि तेरणा नद्यांच्या काठच्या उसाच्या सऱ्यांमध्ये सोडलेलं असतं.